शून्य टक्के पाणी

"सर, आता तरी सही कराल ना?"

निनादने अहवाल पोतनीस सरांच्या पुढ्यात ठेवला. ठेवला कसला, आपटलाच.

सत्तावीस नंबरची तेलविहीर म्हातारी झाली होती. शंभर पिंपं उपसावीत, तर त्यातली चौऱ्याण्णव पाण्याचीच. ते पाणी अडवणारं, खळीसारखं घट्ट जेल निनादने प्रयोगशाळेत चार वर्षं खपून बनवलं होतं. सरांची सही झाली की सोमवारी जेल विहिरीत सोडणार होते. आणि एकदा सोडलेलं जेल कुणाच्या बापाला परत काढता येत नाही.

"पाणी किती येतं?" सरांनी विचारलं.

"शून्य! विहिरीच्या तळातून आणलेल्या दगडात जेल भरलं, मागून पाणी रेटलं. थेंब नाही आला. साठ आलेख जोडलेत, सर."

"त्यात तेलाचा आलेख कितवा?"

"तेलाचा...?" निनादला हसू आलं. "सर, प्रकल्प पाणी थांबवण्याचा आहे."

हुशार माणसं चुकतात तीसुद्धा अशी टापटिपीने चुकतात.

सर उठले. जेल भरलेला तो मुठीएवढा दगड त्यांनी यंत्राच्या नळीत बसवला. पाण्याची जोडणी सोडवून पंपाला तेल जोडलं आणि खटका दाबला.

दाबाचा काटा चढू लागला. पलीकडची मोजनळी कोरडी.

"दाब वाढवू, सर?"

"वाढव."

...

चहा आला, निवला. नळी कोरडीच.

शेवटी निनादनेच पंप बंद केला. साठ आलेखांवर त्याची नजर टिकेना. त्याला मनापासून लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती.

"सोमवारी मी विहीर मारली असती, सर."

सरांनी अहवाल मिटून त्याच्या हातात दिला.

"जेल पातळ करून बघतो," निनाद हळूच म्हणाला. "तेलाला वाट राहील. पण मग थोडं पाणीही येणार..."

"येणार."

"प्रकल्पाच्या समितीला शून्य हवंय. पाणी का येतंय, म्हणून विचारतील. काय सांगू त्यांना?"

सरांनी गार चहा एका घोटात संपवला.

"सांग, पाणी येतंय तोवर विहीर जिवंत आहे."