चंपा अस्वलिणीचं रंगीत नख

फार जुनी गोष्ट. तेव्हाही शेजारणीचं कुणी ऐकत नसे. चंपा अस्वलिणीचं एक नख पिवळं पडून भुसभुशीत झालं. त्याच नखाने वारूळ फोडून ती पिल्लांना वाळवी भरवायची.

शेजारच्या साळिंदरकाकू म्हणाल्या, "अगं, नख कोरडं ठेव आणि घुबडवैद्यांना दाखव."

"काकू, उद्या हळदीकुंकू! चारचौघींत पिवळं नख मिरवू?" म्हणत चंपाने त्यावर पळसाचा केशरी रंग चोपडला.

बायकांनी कौतुक केलं. मग काय, वैद्य राहिले बाजूला आणि रोज रंगावर रंग चढला.

पंधरा दिवसांनी चंपाने वारुळावर पंजा मारला, तर नखच तुटून पडलं. वाळवी आत सुखरूप, पिल्लं बाहेर उपाशी.

काकूंनी नख उचलून निरखलं. "पिल्लांना जेवायला माझ्याकडे पाठव, तू वैद्यांकडे जा. रंग मात्र बाई टिकाऊ निघाला हो!"