शेवंतीचा खरा रंग

एकदा काय झालं, एका राजाला गलबतातून आहेर आला. पेटारा उघडला तर आत पांढरंशुभ्र अस्वल. लांब उत्तरेकडचं, बर्फातलं. आपल्याकडची अस्वलं काळी, म्हणून राजा अगदी हरखून गेला. त्यानं तिचं नाव ठेवलं शेवंती आणि तिला आपल्या प्राण्यांच्या बागेत ठेवलं. रेणू, पाय पांघरुणात घे बघू आधी.

शेवंतीचं सगळं बघायची बायजाक्का. तिला ना मूल ना बाळ, बागेतली जनावरंच तिची लेकरं. शेवंती तर तिच्या हातचाच घास घ्यायची.

मग उन्हाळा आला. शेवंती दिवसभर तळ्यात बसून राहायची. तळं साचलेलं, शेवाळलेलं. पावसाळा सरला, दसरा झाला आणि लोक म्हणायला लागले, अस्वल हिरवं झालं. खरंच झालं होतं, बरं का. कोवळ्या गवतासारखं हिरवं. राजा आला, त्यानं बघितलं आणि नाक मुरडलं. म्हणाला, "पांढरं म्हणून आलं, पांढरंच पाहिजे. पाडव्याला पाहुणे यायचेत. तोवर झालं नाही तर आल्या गलबतानं परत धाडा."

आता येतानाच ती उन्हानं अर्धमेली झाली होती. परतीच्या वाटेत ती जगायची नाही, हे बायजाक्काला पक्कं ठाऊक होतं.

त्या राज्यात एक रीत होती. माणसांची दिवाळी तशी जनावरांचीही दिवाळी. वसुबारसेला सगळ्यांना उटण्याची अंघोळ, मग फराळ आणि पाडव्याला ओवाळणं. हत्तीला लाडू, माकडांना चकल्या. माकडं आधी चकली बोटात घालून मिरवायची, मग खायची. तुम्हीही तेच करता, बघितलंय मी.

मग वसुबारसेला बायजाक्कानं शेवंतीला उटणं लावलं, चांगलं चोळचोळून. हळद लागली आणि शेवंती पिवळीधमक झाली, हळदीला बसलेल्या नवरीसारखी. मग तिनं रिठे उकळले. इतका फेस झाला की बुडबुडे तरंगत माकडांच्या पिंजऱ्यात गेले. फेस उतरला तर खाली पुन्हा हिरवीच. मग राणीनं तांदळाचं पीठ पाठवलं. ते चोपडलं तर गावभरच्या चिमण्या तिच्या पाठीवर येऊन बसल्या आणि दुपारपर्यंत सगळं टिपून गेल्या. दिवाणजी म्हणाले, "भिंतीला देतो तसा चुना देऊ या." बायजाक्का म्हणाली, "आधी तुमच्या मिशांना देऊन बघा." ते आले तसे गेले.

शेवंतीनं फराळालाही तोंड लावलं नाही. लाडू हुंगला आणि मान फिरवली. मग मात्र बायजाक्काचा धीर सुटला. तिच्याशेजारी बसून ती रडली. हो, मोठी माणसंही रडतात. शेवंतीनं तिचा गाल चाटला. मग दुसरा चाटला. मग चाटतच राहिली. लाडवाला नाक मुरडणारी शेवंती खारट आसवं चवीनं चाटत होती.

तेव्हा बायजाक्काच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिचं घर खाऱ्या समुद्रात, आणि आपण हिला साचल्या पाण्यात बसवली. तिला स्वतःचाच राग आला. तिच्या ओल्या हाताला शेवंतीचा एक केस चिकटला होता. तिनं तो उन्हात धरला. बघते तर काय, केसाला रंगच नव्हता. काचेची बारीक नळी असावी तसा, आणि नळीत हिरवं शेवाळ जाऊन बसलेलं.

मग बायजाक्कानं तळं उपसलं. ओढ्याचं स्वच्छ पाणी त्यात सोडलं. गावातल्या बायकांनी घराघरांतून खडेमीठ आणून ओतलं. उंच डोंगरावरून भुशात गुंडाळून बर्फ आला. त्यात खळगे करून बायजाक्कानं मासे भरले, करंजीत सारण भरतो तसे. शेवंतीनं ती गार करंजी दोन पंजांत धरली, डोळे मिटले आणि सावकाश खाल्ली. मग उताणी होऊन पाण्यावर तरंगत राहिली. बर्फ हळूहळू विरघळायचा, शेवंती हळूहळू तरंगायची, आणि काठावरच्या माणसांनाही जांभया यायच्या. असे तीन दिवस गेले, आणि खाऱ्या पाण्यानं ते शेवाळ कणाकणानं निघून गेलं.

पाडव्याला राजा पाहुण्यांना घेऊन आला तेव्हा ऊन होतं, शेवंती पांढरीशुभ्र दिसत होती. दिवस मावळला, आभाळ गुलाबी झालं, तशी शेवंती गुलाबी झाली. मग बायजाक्कानं निरांजन लावून तिला ओवाळलं आणि ती सोन्याची झाली. पाहुणे पुढं सरकून बघायला लागले. राजानं हळूच विचारलं, "बायजाक्का, हिचा खरा रंग कोणता गं?"

बायजाक्का म्हणाली, "हिला रंग नाही, महाराज. आपण हिला जिथं ठेवू, तिथला रंग ही अंगावर घेते. घाणीत ठेवली, हिरवी झाली."

राजाला लाज वाटली. त्यानं तबक हातात घेतलं, स्वतः शेवंतीला ओवाळलं आणि गलबत रिकामं परत पाठवलं. मग शेवंती आणि बायजाक्का पुष्कळ वर्षं सुखात राहिल्या.

काय गं रेणू? अंधारात कोणत्या रंगाची? अंधारात अंधाराची. हा बघ, मी दिवा मालवला. आता शेवंती काळी, मी काळी, तुम्ही सगळी काळी. आता कोण अस्वल आणि कोण माणूस, काही कळायचं नाही. सरका जवळ, आणि झोपा.