एकवीस-शून्य

बक्षीस समारंभात खिलाडूवृत्तीवर द्यायचं भाषण खिशात घालून आबासाहेब मांडवात बसले होते. मुलींच्या सॉफ्टबॉल सामन्यात त्यांच्या संस्थेची टीम पिंपळकोठ्यावर एकवीस-शून्यने चढली होती. तरीही संस्थेच्या कॅप्टनने टप्पा पडलेला कॅच "टप्पा नव्हताच" असं छातीठोकपणे सांगून पदरात पाडून घेतला. अंपायर नेहेतेबाईंच्या नेमकी एक खेळाडू आडवी आली होती, म्हणून त्यांनी कॅप्टनचा शब्द मानला. टप्पा बाकी सगळ्या मैदानाने पाहिला होता.

मग संस्थेची बॅटिंग आली. पिंपळकोठ्याच्या वैजयंताने रन पुरी करायला होमकडे धावणाऱ्या मुलीला बॉल लावला आणि बाईंनी आउट दिलं. तशी वैजयंताच पुढे आली. "बाई, बॉल हातातून निसटला होता. ती आउट नाही."

बावीस झाले. आबासाहेब खो खो हसले. "अहो बाई, एकवीस रनांनी हरणाऱ्याला खरं बोलायला काय जातंय?"

बाईंनी तोंडावरची जाळी वर केली. "बरोबर आहे, आबासाहेब. पण एकवीस रनांनी जिंकणाऱ्याचं काय जात होतं?"

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला.

पिंपळकोठ्याच्या मुली हरल्या, पण गावात ताठ मानेने शिरल्या. आबासाहेबांचं भाषण मात्र खिशातच राहिलं.