हेरॉन कोव्हची हाक

या टेकाडावर गवत उगवत नाही. खाडीच्या तोंडाशी ते काळंभोर दिसतं ना, तिथं एकेकाळी तोफ होती. तिच्या एकाच बाराने माती करपली ती करपलीच, असं आमचे जुने लोक सांगतात.

गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची. अमेरिका ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाली होती, पण समुद्रावर जोर त्यांचाच. फ्रान्सशी त्यांची लढाई जुंपलेली, खलाशी कमी पडत. मग ते आमची गलबतं भर समुद्रात अडवायचे आणि ‘तू आमचाच’ म्हणत तरणे खलाशी ओढून न्यायचे. व्यापारही कोंडला होता. आमच्या या हेरॉन कोव्ह गावचा लोहार आसा व्हिटलो, त्याचा एकुलता एक मुलगा जेरेड असाच गेला. आसाने म्हणे ऐरणीवर हात ठेवून शपथ घेतली, की ब्रिटिशांची होडी या खाडीत शिरली तर परत जाणार नाही.

१८१२ साली युद्ध पेटलं. आमचं सैन्य कॅनडावर चालून गेलं आणि मार खाऊन परतलं. समुद्रावर काही लढाया जिंकल्या, पण दोन वर्षांनी ब्रिटिशांनी आमची राजधानीच जाळली. त्यांच्या होड्या काठाकाठाने गावं पेटवत फिरू लागल्या. पलीकडच्या गावात गिरणीवाल्याला त्याच्याच दारात संगिनीने भोसकलं. ते ऐकून आसाने टेकाडावर जुनी तोफ चढवली आणि तिच्यात खिळे, साखळ्यांचे तुकडे, मोडके नाल ठासले.

जानेवारीतल्या एका सकाळी दाट धुक्यातून वल्ह्यांचा आवाज आला. आसाची बायको मर्सी पेटता काकडा धरून शेजारी उभी होती. ती म्हणाली, “आधी हाक मार. कोण आहे ते विचार.”

“विचारायचं काय त्यात? तेच आहेत.” आसाने काकडा हिसकावला आणि बत्ती दिली.

होडीच्या चिरफळ्या उडाल्या. माणसांचे हात तुटले, पोटं फाटली. जे कसेबसे काठाला लागले त्यांना गावकऱ्यांनी कुऱ्हाडींनी चिखलातच तोडलं. दुपारपर्यंत पाणी लाल होतं, असं सांगतात.

प्रेतं ओढताना मर्सी एका वल्हेकऱ्यापाशी थांबली. चेहरा उरलाच नव्हता. मनगटावर मात्र भाजल्याचा जुना व्रण होता; सातव्या वर्षी बापाच्या भट्टीशी झालेला. ती रडली नाही. तिने तो हात उचलून आसाच्या हातात दिला.

“जेरेड आहे,” एवढंच म्हणाली.

पुढच्या महिन्यात कळलं, की तह डिसेंबरातच तिकडे युरोपात झाला होता. बातमी जहाजाने येईपर्यंत इथं माणसं मेली होती.

आसाने तोफ खाडीत ढकलली. मेलेल्या बाराही जणांना, ब्रिटिशांनाही, एका रांगेत पुरलं. त्यानंतर धुकं पडलं की तो काठावर उभा राहून पाण्याकडे ओरडायचा, “कोण आहे?” तो गेल्यावर मर्सी ओरडू लागली, आणि ती गेल्यावर गाव.

आजही धुक्यातून होडी आली की काठावरचा माणूस आधी हाक देतो. होडीतल्या प्रत्येकाने आपलं आणि आपल्या आईचं नाव सांगायचं. शेवटचं नाव ऐकू येईपर्यंत इथं कुणी दोर टाकत नाही.