पाखराचा बोल आणि ताटातली वीट

एका राज्यात शहाणे इतके झाले होते, की मूर्खांना तिथे मान होता. ऐकून घेणारं कोणी तरी हवं ना! राज्याचं नाव मात्र विचारू नका. नाव कळलं की तुम्ही म्हणाल, ते लांबचं आहे, आपल्याला काय त्याचं. राजाचं नाव सांगतो, मेघध्वज. माणूस सरळ, दिल्या शब्दाला जागणारा, आणि वादविवादाचा भारी शौकीन.

त्याच्या आजोबांच्या काळी अंजननाथ नावाचा मांत्रिक दरबारात वाद घालायला आला होता. तीन दिवस वाद चालला, तिन्ही दिवस तो हरला, आणि दरबार हसला. हरलेल्याला हसू नये, पण शहाण्यांना हे सांगणार कोण? मांत्रिक म्हणाला, "तुमची बुद्धी मी नेत नाही. ती लखलखीत राहील. फक्त पहिलं वाक्य माझं." एवढं बोलून तीन सोन्याचे पिंजरे त्याने भेट म्हणून ठेवले आणि चालता झाला. प्रत्येक पिंजऱ्यात एक साळुंकी होती.

एक पिंजरा वेधशाळेत टांगला, एक देवळात, एक प्रधानांच्या कचेरीत. त्या साळुंक्या म्हाताऱ्या होत नसत, मरत नसत. काही प्रश्न घेऊन पुढ्यात बसलं की एकच वाक्य बोलत आणि गप्प होत. तेव्हापासून राज्यात रीत पडली. कसलाही विचार करायचा तर आधी पाखराचा बोल घ्यायचा आणि तिथून पुढे निघायचं. पुढच्या वाक्यांवर ते लोक काथ्याकूट करत, बापरे! दुसरं वाक्य चुकलं तर भर सभेत पगडी उतरवायला लागे. पहिल्याला मात्र कोणी हात लावत नसे. 'बोलावर बोलू नये' अशी म्हणच होती तिथे, आणि लेकरं ती पाळण्यात शिकत.

आता खरी गोष्ट.

राजधानीच्या वरच्या अंगाला मोठं तळं होतं. त्याचा बांध रायाजी गवंड्याने बांधला. रायाजीच्या हाताखाली त्याची लेक धुरपा काम करायची. नवरा वारल्यावर ती बापाकडे आली, आणि रडत बसण्याऐवजी तिने थापी हातात घेतली. बाप-लेकीने बांधलेली भिंत अशी सरळ असायची, की ओळंबा लावला तर दोरीला लाज वाटावी. तरी बांध भाद्रपदात फुटला. पुन्हा बांधला, पुन्हा भाद्रपदातच फुटला. तिसऱ्या वर्षी फुटला तेव्हा खालची अख्खी आळी वाहून गेली, माणसं गेली, दावणीची गुरं गेली. राजाने जोशी, गुरव आणि प्रधान या तिघा थोरांना विचारलं, "असं का होतं?"

तिघे आपापल्या पिंजऱ्यापुढे बसले.

वेधशाळेची साळुंकी बोलली, "पाणी खालून वर चढत नाही." भानुभट जोशी मोठा विद्वान. त्याने गणित मांडलं. पाणी खालून येत नाही, तर बांधाला धोका वरूनच. वरचे दगड तपासले, पक्के. चुना तपासला, पक्का. माल पक्का आणि बांध कच्चा, म्हणजे हात कच्चा. हात कुणाचा? रायाजीचा.

देवळातली साळुंकी बोलली, "देव कोपला आहे." शिवाप्पा गुरव म्हणाला, देव उगीच कोपत नाही, कुणाच्या तरी पापाने कोपतो. कोप बांधावर, तर पापही बांधावरच. बांधाला पहिला हात लावला रायाजीने.

कचेरीतली साळुंकी बोलली, "घरात फितूर आहे." हैबतराव प्रधानाने डोळे बारीक केले. फितुराला फायदा असतो. दर वर्षी बांध फुटल्यावर काम कुणाला मिळतं? पुन्हा रायाजीच.

तीन वाटा एकाच दारात पोचल्या. मग काय विचारता! तीन शहाणे तीन दिशांनी एकच नाव घेतात, म्हणजे खोटं कसं असेल? हुकूम निघाला, की येत्या पौर्णिमेला, दोन प्रहरी, रायाजीला नव्या बांधात चिणावं. पौर्णिमा होती तीन दिवसांवर.

धुरपा दरबारात गेली. पदर खोचलेला, हाताला चुना तसाच.

"महाराज, माझा बाप निर्दोष आहे."

"बाई, तिघांच्या विचारात चूक दाखव. दाखवलीस तर सोडतो. तीन दिवस देतो."

धुरपा सकाळपासून दुपारपर्यंत तिघांचे कागद वाचून घेत बसली. एकेक पायरी तिने ठोकून पाहिली. चूक नव्हती हो. कुठेच नव्हती. ती इतकी घाबरली, की आपला बाप खरंच दोषी असेल असंही क्षणभर वाटून गेलं. मग तिच्यातली गवंडीण जागी झाली. भिंत ओळंब्यात आहे आणि तरी पडते, तर गवंडी भिंतीकडे बघत बसत नाही, पाया उकरतो. ती उठली, वाटेत एक कोरडी वीट उचलली आणि वेधशाळेत गेली.

"जोशीबुवा, एक ताट द्या. आणि त्यात बोटभर पाणी."

भानुभटाला वाटलं, बाई दुःखाने भ्रमली. तरी त्याने ताट दिलं. धुरपाने वीट ताटात उभी केली आणि भिंतीला टेकून बसली. जोशीबुवा कागदात डोकं घालून बसला, पण कान टवकारलेले. थोड्या वेळाने त्याने चोरून पाहिलं. विटेचा रंग खालून गडद होत चालला होता. त्याने दोरा आणला, मापलं. एक बोट. पुन्हा मापलं, दोन बोटं. तळहाताएवढी वीट ओली झाली.

"ही विटेची तहान आहे," तो म्हणाला.

"तहान विटेची असेल बुवा. वर चढतंय ते पाणीच ना?"

भानुभटाने पुन्हा दोरा लावला. चाळीस वर्षं त्याने ग्रह मोजले होते, पुढ्यातली वीट कधी पाहिली नव्हती. त्याला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग, खरं सांगतो, त्याला लहानपणीसारखा आनंद झाला. तो पिंजऱ्याकडे वळून म्हणाला, "कदाचित तसं नसेल."

पिंजऱ्याचं दार आपोआप उघडलं. साळुंकी बाहेर येऊन वेधशाळेच्या छपरावर बसली. पिंजऱ्याचं सोनं गेलं, राहिल्या बांबूच्या चार कामट्या. धुरपाने ते शब्द मनाशी घट्ट धरले. जादू कशाने सुटते ते तिला कळलं होतं. शब्द पिंजऱ्याच्या धन्याच्या तोंडून यायला हवे होते, आणि मनापासून.

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली. त्या देवळात कौल लावायची रीत होती. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"गुरवबाबा, बांध फुटल्यावर देवाला काय विचारलंत?"

"कुणामुळे कोपलास, ते विचारलं. एकेक नाव घेतलं. एकाच नावाला कधी उजवी पडे, कधी डावी. रायाजीच्या नावाला कळी हललीच नाही, त्याचा अर्थ 'हाच तो' असा मीच लावला."

"आणि कोपलास का, हे विचारलंत?"

शिवाप्पा चमकला. "ते कशाला विचारायचं? ते पाखराने सांगितलंच होतं."

"बाबा, तुम्ही सेवा देवाची करता का पाखराची?"

हे जिव्हारी लागलं. म्हातारा भला होता. त्याने आंघोळ केली, ओलेत्याने कळ्या लावल्या आणि विचारलं, "देवा, तू आमच्यावर कोपला आहेस का?" शब्द संपायच्या आत डावी कळी पडली. शिवाप्पाने पडलेली कळी उचलून कपाळाला लावली. साठ वर्षांत त्याने देवाला हे एकदाही विचारलं नव्हतं, उगाच भीत आला होता. तो रडला, आणि रडता रडता पिंजऱ्याकडे पाहून म्हणाला, "कदाचित तसं नसेल." दुसरी साळुंकी उडाली.

राहिला प्रधान. तिथेच घोडं अडणार होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच रायाजीला बांधावर नेलं. कोनाड्यात उभं केलं, आणि त्याच्याच बिरादरीचे गवंडी खाली माना घालून दगड रचू लागले. इकडे कचेरीत धुरपाने बोलायला तोंड उघडलं, तोच हैबतराव म्हणाला, "फितूर नाही असं जो म्हणतो, तो फितुराचा साथीदार. शिपाई, हिला धरा."

"प्रधानजी, मी तसं म्हणतच नाही. फितूर आहे असंच धरू. मी तुम्हाला तो शोधून द्यायला आले आहे."

प्रधानाने हात वर केला, शिपाई थांबले.

"फितूर ओळखायचा कसा?" तिने विचारलं.

"ज्याचा फायदा, तो फितूर."

"पहिल्यांदा बांध फुटला, तेव्हा तुमचे शिपाई किती होते?"

"शंभर."

"दुसऱ्यांदा?"

"पाचशे. राज्य घाबरलेलं होतं."

"आणि आता वेशीच्या किल्ल्याही तुमच्याकडे आल्या. बांध फुटल्यावर माझ्या बापाला नुसतं काम मिळालं. प्रधानजी, जास्त फायदा कुणाचा?"

हैबतराव कडक होता, संशयी होता, पण लबाड नव्हता. त्याने आपलंच गणित पुन्हा मांडलं, एक पायरी गाळली नाही, आणि शेवटी स्वतःच्या दारात येऊन उभा राहिला. फितूर ठरला हैबतराव. अन् आपण फितूर नाही हे साऱ्या जगात फक्त त्यालाच पक्कं ठाऊक होतं.

"पायऱ्या बरोबर आहेत," तो हळूच म्हणाला. "आणि मी फितूर नाही." मग वर्षानुवर्षं न झोपलेल्या माणसासारखे डोळे चोळत तो पिंजऱ्यापुढे गेला. "कदाचित तसं नसेल."

तिसरी साळुंकी बाहेर पडली. तिघी एकत्र झाल्या आणि सरळ तळ्याकडे उडाल्या. त्यांच्यामागे धुरपा, धुरपामागे प्रधान, जोशी, गुरव, आणि बातमी ऐकून अनवाणी धावत आलेला राजा. बांधावर दगड रायाजीच्या छातीपर्यंत आले होते.

"थांबा," राजा म्हणाला, आणि गवंड्यांनी थाप्या फेकूनच दिल्या.

साळुंक्या बांधाच्या पायथ्याशी एका काळ्या शिळेवर बसल्या होत्या. शिळेच्या कडेने माती ओली होती. बारा जणांनी पहारी लावल्या, शिळा तसूभर हलेना. शाप अजून पुरता सुटला नव्हता. तेवढ्यात एक साळुंकी बोलली, आणि हे तिचं स्वतःचं पहिलं वाक्य होतं.

"चौथं पाखरू कुणाचं?"

"पिंजरे तीनच आहेत," राजा म्हणाला.

साळुंकी धुरपाकडे बघत राहिली. धुरपाला आधी राग आला. मग आपण दरबारात उच्चारलेलं पहिलं वाक्य तिला आठवलं. माझा बाप निर्दोष आहे. ते तिने ठोकून पाहिलं नव्हतं. पाहायची हिंमतच नव्हती. सगळ्यांचे पाये उकरत फिरली, स्वतःचा तेवढा झाकून ठेवला. बापाला असं दगडांत उभं पाहून तिला 'कदाचित तसं नसेल' म्हणवेना.

कोनाड्यातून रायाजीच बोलला.

"धुरपे, पाया घातला त्या दिवशी माती हाताला ओली लागली होती. मला वाटलं, कालच्या सरीची ओल असेल. पाणी खालून येत नाही, हे मीही धरूनच चाललो होतो. मी उकरून पाहिलं नाही गं. पाप नाही केलं, फितुरी नाही केली. पण चुकलो. खालची आळी त्यात गेली."

धुरपा ढसाढसा रडली. मग डोळे पुसून सगळ्यांसमोर म्हणाली, "माझा बाप चुकत नाही असं मी धरलं होतं. कदाचित तसं नसेल." आणि पुढे होऊन तिने शिळेला हात लावला. बारा जणांना न हललेली शिळा तिच्या एका हाताने उचलली गेली. खाली झऱ्याचा डोळा होता, जाता जाता मांत्रिकाने शेंदराने लिंपलेला. शेंदूर वाहून गेला, आणि कोंडलेलं पाणी कारंज्यासारखं उसळलं. हेच पाणी दर भाद्रपदात बांधाचा पाया खालून पोखरत होतं.

राजाने स्वतःच्या हातांनी कोनाड्याचे दगड काढले. "रायाजी, चुकलेल्याला चिणायचं तर आम्हा सगळ्यांना चिणावं लागेल," तो म्हणाला. "तू बांध. या खेपेला आम्ही दगड वाहतो."

आणि वाहिले बरं का! प्रधानाच्या डोक्यावर मातीची पाटी, जोशीबुवाच्या हातात दोरी, गुरव सगळ्यांना पाणी देतोय. झऱ्याला पाट काढून दिला, खालच्या आळीची घरं उंचावर बांधली. नवा पहिला दगड ठेवण्याआधी रायाजीने मातीवर तळहात टेकला. कोरडी लागली. तरी तो म्हणाला, "कदाचित तसं नसेल," आणि अजून हातभर खणलं. भाद्रपद आला, गेला. बांध हलला नाही. सारं नगर रात्रंदिवस नगारे वाजवत होतं, आणि तिन्ही साळुंक्यांनी बांधाच्या फटींत घरटी केली.

दरबारात आता पिंजरे नाहीत. सिंहासनासमोर एक ताट आहे, ताटात पाणी, पाण्यात कोरडी वीट. ज्याला काही सिद्ध करायचं असेल त्याने आधी पहिलं वाक्य मोठ्याने सांगायचं, मग वीट वरपर्यंत ओली होईतो गप्प बसायचं. पुष्कळ लोक अर्ध्या विटेतच उठून घरी जातात. बांधावरचे गवंडी सांगतात, पिंजरे ठेवून गेलेला अंजननाथ काही परत आला नाही.

अशी ही गोष्ट. तळं तुडुंब, बांध अभंग, बाप लेकीसह घरी. आवडली असेल तर हुंकार द्या, पण उगीच माना डोलवू नका. त्या राज्यात शहाणे फार होते असं मी सुरुवातीलाच सांगितलं, आणि तुम्ही ते निमूट धरून चाललात.