मीठ मागू नये

"मग तयार रश्शात मीठ मागणारा माणूस अडाणी न्हाई तर काय म्हणायचा, बाबा?"

लतीफबाबा चुलीत फुंकर घालत होते. त्यांनी आणखी एक काटकी आत सारली.

विचारणारा होता गजाबा. तालुक्याच्या गावात एस.टी. स्टँडासमोर त्याची अंड्याची गाडी. पंचवीस वर्षं झाली, दुसरं काही म्हणून विकलं नाही पठ्ठ्यानं. सकाळी उकडलेली, वर कोथिंबीर-मिरची पेरून. दुपारी बुर्जी आणि कांदा घातलेली अंड्याची पोळी. आणि दिवस कलला की त्याचा तो रस्सा! उकळत्या रश्शात अंडं अलगद फोडून सोडायचा, भाकरीचा तुकडा टोचला की पिवळाधमक बलक थाळीभर पसरायचा. लोक एस.टी. चुकवायचे, पण गजाबाचा रस्सा चुकवायचे नाहीत.

गाडीवर एक पाटी होती. 'मीठ मागू नये.' एका बड्या साहेबानं एकदा मागितलं, तर गजाबानं त्याच्या पुढ्यातली थाळी उचलून नेली. असा सगळा कारभार.

आता हा एवढा तालेवार माणूस पिराच्या माळावर लतीफबाबा फकिरांच्या तकियात, म्हणजे मठीत, कशाला आला होता? तर दिवाळीत त्याला ताप आला. आठवडाभर अंथरुणात होता. ताप उतरला, तो जाताना तोंडाची चव आणि नाकाचा वास घेऊन गेला. तिखट तेवढं जिभेला पोळायचं. बाकी सगळं भुस्सा.

मीठ हाताच्या अंदाजानं टाकावं म्हटलं, तर अंदाजसुद्धा जिभेच्या भरवशावरच चालतो. टाकलं का नाही अशी शंका आली की हात पुन्हा डब्यात जायचा. थाळ्या अर्ध्या राहायला लागल्या. बायको बिचारी म्हणाली, "मी चाखून सांगत जाते." तर तिच्यावरच खेकसला, "माझ्या रश्शाचं मीठ तू सांगणार व्हय गं?"

काल त्याचं जुनं गिऱ्हाईक, जाधव कंडक्टर, दोन घास खाऊन मुकाट्यानं उठला. ते गजाबाच्या काळजात घुसलं. गाडी बंद पडली तर दुसरं येत काय होतं त्याला? म्हणून तावीज मागायला माळ चढून आला होता. पण एवढं तोंडानं सांगायची लाज. मग तासभर आपली बढाईच चालली होती.

"सांगा की बाबा. चुकीचं बोललो का?"

बाबा उठले. भिंतीकडेला नवसाच्या कोंबड्या होत्या. पिराला सोडलेल्या कोंबडीला सुरी लावायची नाही, असा तिथला रिवाज. अंडी मात्र येणाऱ्याजाणाऱ्या वाटसरूची. बाबांनी एका तांबड्या कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला आणि टोपलीतली दोन अंडी उचलली.

"लई उपकार झालं गं बाई तुझं."

गजाबाला हसू आलं. "कोंबडीचं उपकार?"

"मग? मी घातलंय व्हय अंडं?"

बाबांनी कांदा चिरला, मिरची चिरली, अंडी फेटली आणि पोळी टाकली. कडा कुरकुरीत झाल्यावर उलटली आणि भाकरीवर घालून गजाबापुढं ठेवली.

"खा."

गजाबानं घास घेतला. डोळे मिटले. जाणता माणूस चाखतो तसा मान हलवत राहिला.

"कशी झालीय?"

"झ्याक हाय. पर..." गजाबानं बोटं उडवली, "मीठ जरा पुढं गेलं, बाबा. चिमूटभर कमी पायजे हुतं."

बाबांनी तवा खाली उतरवला.

"गजाबा, मीठ मी घातलंच न्हाई."

"आँ?"

"हितं मीठ येगळं देत्यात. ज्याचं त्यानं घालून घ्यायचं." बाबांनी बोट दाखवलं. गजाबाच्या गुडघ्यापाशी, फरशीवर, अंड्याचं अर्धं टरफल मातीच्या वेटोळ्यावर बसवलेलं होतं. त्यात मीठ होतं. मघापासून तिथंच होतं.

गजाबाच्या हातातला घास हातातच राहिला.

"कवापासनं?" बाबांनी हळूच विचारलं.

"दिवाळीपासनं..." आणि मग बांध फुटला. ताप, थाळ्या, बायको, जाधव कंडक्टर, सगळं बाहेर आलं. "तावीज द्या, बाबा. माझी जीभ परत द्या. न्हाईतर मी संपलो. पाया पडतो तुमच्या."

बाबांनी थाळीतला उरलेला तुकडा कोंबड्यांपुढं टाकला.

तेवढ्यात खालून कुणीतरी खाकरलं. खांद्यावर घोंगडं घेतलेला एक म्हातारा धनगर वर येत होता. मेंढरं खाली उतारावर चरत होती.

"या सिदूनाना," बाबा म्हणाले. "जेवलाय का?"

"कुठलं जेवण, बाबा! सकाळधरनं नुसतं पाणी हाय पोटात."

बाबा गजाबाकडं वळले. "नानाला रस्सा करून घाल. तुझ्या गाडीवरचा."

"मी?" गजाबा दचकला. "बाबा, आत्ताच सांगितलं की तुमास्नी... मला चव कुठं कळतीय?"

"खायचंय नानाला. तुला कुठं खायचंय?"

आता काय बोलणार? गजाबा चुलीपुढं बसला. कांदा-खोबरं भाजलं, पाट्यावर वाटलं, बरणीतली चटणी घातली. तेल सुटलं, रस्सा उकळला. हात अगदी पूर्वीसारखे चालत होते. दोन अंडी फोडून अलगद सोडली. झाकण ठेवलं. मग हात मिठाकडं गेला... आणि तिथंच थांबला.

मीठ न घालताच त्यानं थाळी नानापुढं ठेवली. टरफल उचलून हातात धरलं. पंचवीस वर्षांत जो प्रश्न त्याच्या तोंडातून निघाला नव्हता, तो आता विचारायचा होता. बाबा दुसरीकडंच बघत होते.

"नाना... मीठ... सांगा की जरा. किती घालू?"

म्हाताऱ्यानं भाकरी खाली ठेवली. "मला इचारतुयास?"

"व्हय."

नानानं रस्सा बोटानं चाखला. "घाल की."

गजाबानं चिमूट सोडली.

"आनि."

आणखी सोडली.

"आनि उलीसं... आनि... बास! बास रं लेकरा."

नाना जेवायला लागला. गजाबा समोर बसून राहिला. गाडीवर तो कायम गिऱ्हाइकाकडं पाठ करून उभा असायचा. तवा बघायचा, रस्सा बघायचा, पण खाणाऱ्याचं तोंड काही त्यानं कधी बघितलं नव्हतं. आज बघितलं. पहिल्या घासाला म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. दुसऱ्याला डोळे बारीक झाले. मग बोलणं बंद, नुसता भाकरीचा तुकडा आणि रस्सा. एका अंड्याचा बलक त्यानं न फोडता थाळीच्या कडेला सरकवून ठेवला.

"त्यो ऱ्हायला की, नाना."

"ऱ्हाऊ दे. ग्वाड श्येवटाला." म्हातारा बोळक्या तोंडानं हसला. "आय अशीच द्यायची. चुलीच्या आरात भाजायची अंडं, वल्या फडक्यात गुंडाळून. आन् मिठाचा खडा हातात धरून बसायची. पुरं का रं, म्हनायची..." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "आय गेल्यापास्नं मला कुनी इचारलंच न्हवतं बग, मीठ पुरं का म्हनून. आज तू इचारलंस."

गजाबाला हुंदका आवरला नाही. एवढा मोठा बाप्या, पण लहान पोरासारखा रडला. कशाला रडतोय हे त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं. मन मात्र भरून आलं होतं.

नानानं शेवटचा बलक खाल्ला, थाळी भाकरीनं पुसून लख्ख केली, पाणी प्याला. उठताना त्यानं गजाबाच्या डोक्यावर हात ठेवला. गजाबानं खाली वाकून एका हातानं त्याचे पाय धरले.

"अरं, अरं! मी जेवलो आन् पाया तू पडतुयास?"

"पडू द्या, नाना. लई उपकार झालं तुमचं."

म्हातारा गोंधळून हसला, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि मेंढरांकडं निघाला.

गजाबा एका हातानंच तोंड धुऊन आला. माळावर वारा सुटला होता. बाबा कोंबड्यांना जोंधळे टाकत होते.

"तावीज देताय न्हवं, बाबा?"

"हातात काय हाय तुझ्या?"

गजाबानं बघितलं. मघापासून टरफल हातातच होतं. तळाशी थोडं मीठ उरलेलं. ते सांडू नये म्हणून त्यानं दुसऱ्या हाताचा तळवा वर धरला होता.

"हे... हे गाडीवर ठिवू?"

बाबांनी मान डोलावली.

"आन् ती पाटी? उतरवू?"

बाबांनी जोंधळ्याची मूठ टाकली. कोंबड्या धावल्या.

गजाबानं टरफल रुमालात जपून बांधलं. जायला निघाला, दोन पावलं गेला आणि पुन्हा वळला. माणूसच शेवटी. आशा सुटत नाही.

"एवढं तरी सांगा, बाबा. माझी जीभ परत कवा येईल?"

बाबांनी खाली उताराकडं बघितलं. सिदूनाना मेंढरांमागं चालला होता, अजून ओठांवरून हात फिरवत.

"आली की... आत्ताच जेवून गेली."