चिमी चिंबोरी आणि रुतलेलं करडू

खाडीला ओहोटी लागली. चिखल उघडा पडला. काळा काळा, मऊ मऊ.

करडाने मारली उडी. थबाक! चारी पाय चिखलात.

"बें बें! माझे पाय गेले!"

करडू पाय झाडी. छपाक छपाक. झाडी तेवढं रुते.

बिळातून आली चिमी चिंबोरी. बोराएवढी खेकडी. तुरुतुरु, तिरकी तिरकी. तिला फार वाईट वाटलं.

"करडा, करडा, झाडू नको पाय. चिखलाशी भांडायचं नसतं. पोट टेक, गप पड. भरतीच्या आत मी मदत आणते."

चिमी गेली तुरुतुरु. हिरूमावशी काठावर शिंपल्यातली कालवं फोडत होती.

"मावशी, मावशी, फळी दे गं. तू फळी देशील, करडू सुटेल."

"देते की, बाय! पण फळीवर मनी मांजर बाळंतीण. उपाशी बाळंतिणीला उठवू नये. तिलाच विचार."

चिमी गेली तुरुतुरु.

"मने, मने, ऊठ गं. तू उठशील, मावशी फळी देईल, करडू सुटेल."

"उठते की! पण पोटात कावळे ओरडतायत. आधी मासा."

चिमी गेली तुरुतुरु.

"बगळेदादा, मासा दे रे. तू मासा देशील, मनी उठेल, मावशी फळी देईल, करडू सुटेल."

"देतो की! पण डबक्यात म्हैस लोळते. पाणी गढूळ. मासा दिसेल कसा?"

चिमी गेली तुरुतुरु. बिचारी दमली. लांबून आवाज आला, "बें..."

"म्हशीबाई, बाहेर ये गं. तू बाहेर येशील, बगळा मासा देईल, मनी उठेल, मावशी फळी देईल, करडू सुटेल."

"येते की! पण पाठ खाजतेय कधीची. कुणी खाजवेल तर ना!"

अगं बाई! नांग्या कुणाला आहेत? चिमीलाच!

चिमी चढली पाठीवर. खरर खरर, खरर खरर.

"हाऽऽश!" म्हैस बाहेर आली. पाणी निवळलं. बगळ्याने मासा दिला. मनीने खाल्ला मटामट. पिल्लं उचलून टोपलीत नेली. मावशीने फळी घेतली, चिखलावर टाकली. स्वतः तिच्यावर आडवी झाली.

"हळू रे बाळा. एक पाय हलव. जरा जरा. पाणी आत शिरू दे, चिखल सैल होईल. आता दुसरा..."

पुळुक! पुळुक! पुळुक!

चौथा पाय येईना. खळळ खळळ, भरती आली!

"घाबरू नको," चिमी म्हणाली. "हळूच."

पुळुक!

करडू फळीवर. फळी काठावर. मागोमाग पाणीच पाणी.

मावशीने चिमीला दिलं सगळ्यात मोठं कालव. करडाने तिला चाटलं. चिखलासकट!

करडू आलं काठी, गोष्ट संपली ओठी.